आधी रिकामा काटा

माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, अमळनेरच्या बाजारात मापाडी होते. दादर ज्वारी, भुईमूग, कापूस, जे येईल ते तोलायचं. शाळा सुटली की मी त्यांचा डबा घेऊन जायचे आणि पोत्यांवर बसून बघत राहायचे. पहिलं पोतं चढण्याआधी नाना रिकामा काटा बघायचे. दोन्ही पारडी समोरासमोर आली नाहीत तर हलक्या बाजूला पासंग बांधायचे, कधी चिंधीत गुंडाळलेला खडा, कधी तारेचे दोन वेढे. अडत्या घाई करायचा, हमाल खोळंबायचे, पण काटा स्थिर झाल्याशिवाय नाना पोत्याला हात लावू द्यायचे नाहीत.

मी जळगावात एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. चौदा वर्षं झाली. दर सोमवारी सकाळी सहाला मी तेच करते जे नाना करायचे.

आमच्या ३ टेस्लाच्या मशीनवर (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) सोमवारी सगळ्यात आधी माणूस झोपत नाही. झोपतो तो एक बंद प्लास्टिकचा डबा. त्याला फँटम म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने ठरवलेल्या मापाचा, आतून १९० मिलिमीटर व्यासाचा आणि १४८ मिलिमीटर लांब, आत निकेल क्लोराइड आणि मीठ विरघळवलेलं पाणी. डब्याचं माप कारखान्यातच पक्कं झालेलं आहे. तो म्हातारा होत नाही, सुकत नाही, सुजत नाही. त्यामुळे मशीनने त्याचं माप १९० सोडून वेगळं सांगितलं तर दोष कोणाचा याबद्दल वाद उरत नाही.

हे सगळं लिहायचं कारण, तीन वर्षांपासून आमचं सेंटर मेंदूच्या एका मोठ्या अभ्यासात आहे. त्याचं नाव लिहायची मला परवानगी नाही. पाच शहरांतली पाच मशीनं, साठीपुढची माणसं, दर वर्षी त्याच माणसाचा पुन्हा स्कॅन. लोक मला विचारतात, पाच मशीनं आहेत तर पाचपट काम लवकर होईल ना? होईल, पण पाचही मशीनं एकच माप सांगत असतील तर. नाहीतर पाच काट्यांवर तोललेला माल एकाच वहीत लिहिल्यासारखं होतं.

माप किती बारीक आहे ते सांगते. हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नवी आठवण पक्की करण्याच्या कामात फार महत्त्वाचा. एका बाजूचा हिप्पोकॅम्पस साधारण तीन मिलिलिटरचा असतो. निरोगी म्हातारपणात तो वर्षाला एक-दीड टक्का घटतो, अल्झायमरमध्ये तीन ते पाच टक्के. तीन मिलिलिटरचे चार टक्के म्हणजे जेमतेम दोन-अडीच थेंब. डोळ्यात टाकायच्या औषधाचे असतात तेवढे. वर्षभरात हे दोन थेंब गेले की नाही, हे आम्हाला कवटी न उघडता सांगायचं असतं.

गेल्या वर्षीच्या एका सोमवारी फँटमचा व्यास १८९ आला. मी डबा काढला, पुन्हा नीट बसवला, पाणसळ लावून सरळ केला. पुन्हा १८९. आदल्या शनिवारी सर्व्हिसिंग झालं होतं आणि त्यात ग्रेडियंटच्या, म्हणजे चित्रातली जागा ठरवणाऱ्या चुंबकी चढ-उताराच्या, कॅलिब्रेशनचे आकडे बदलले होते. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. फोनवर मला उत्तर मिळालं, "मॅडम, एक मिलिमीटरनं काय होतं? रिपोर्टिंगला काही फरक पडत नाही." रोजच्या रिपोर्टिंगला खरंच पडत नाही. गाठ आहे की नाही, रक्तस्राव आहे की नाही, हे १८९ मध्येही दिसतं. पण हिशोब करून बघा. १९० मध्ये एक कमी म्हणजे अर्धा टक्का. तिन्ही दिशांना तेवढंच कमी भरलं तर घनफळ दीड टक्क्याहून जास्त कमी येतं. साठीनंतर निरोगी माणसाचा अख्खा मेंदू वर्षाला साधारण अर्धा टक्का घटतो. म्हणजे शनिवारी दुपारी कोणीतरी पान्याने आणि लॅपटॉपने काही केलं आणि सोमवारी आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस तीन वर्षांनी म्हातारा झाला. त्या आठवड्यात अभ्यासातले चार जण ठरलेले होते. पारोळ्याचे दोन, चोपड्याची एक बाई, एक जळगावातलेच निवृत्त शिक्षक. चौघांनाही मी फोन करून पुढची तारीख दिली. चोपड्याच्या बाई रागावल्या, त्यांनी वेचणीचा दिवस मोडून ठेवला होता. त्यांचा राग मला मान्य आहे. पण कॅलिब्रेशन दुरुस्त होऊन डबा पुन्हा १९० दाखवेपर्यंत मी कोणाला आत घेतलं नाही.

हा हट्ट माझ्यात फुईमुळे आला. फुई म्हणजे आत्या, आमच्याकडे अहिराणीत फुईच म्हणतात. पाच वर्षांपूर्वी ती गोष्टी विसरायला लागली. दुधाचे पैसे दोनदा द्यायची, गॅसवर कढई ठेवून ओट्यावर जाऊन बसायची. पहिला एमआरआय एका शहरात झाला, दीड टेस्लावर, पाच मिलिमीटर जाडीच्या कापांचा. दोन वर्षांनी दुसरा, दुसऱ्या शहरात, ३ टेस्लावर, एक मिलिमीटरचे बारीक काप. दुसऱ्या रिपोर्टमध्ये वाक्य होतं की आधीच्या तुलनेत मेंदूचं आकुंचन वाढलं आहे. एवढंच, एका ओळीत. त्या ओळीने घर बदललं. फुईच्या कमरेच्या किल्ल्या वहिनीकडे गेल्या, कपाटाचा, धान्याच्या खोलीचा, सगळा जुडगा. स्वयंपाकघरात तिला एकटीला जाऊ देईनात. मी दोन्ही सीडी घरी आणून रात्रभर बघितल्या. जाड कापात एका ठिपक्यात मेंदू आणि पाणी दोन्ही मिसळून राखाडी दिसतं, बारीक कापात तीच फट काळीभोर, रुंद दिसते. दोन्ही चित्रं खरी होती. पण त्यांची वजाबाकी करायचा अधिकार कोणाला नव्हता. रोग नव्हता असं मी म्हणत नाही. वाढला होता असं म्हणायला पुरावा नव्हता, एवढंच म्हणते.

तर, एकसारखं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? लोकांना वाटतं, सगळ्यांनी एकच सेटिंग टाकायचं. आधी मलाही तसंच वाटायचं. मेंदूच्या रचनेसाठी जो मुख्य स्कॅन लागतो तो सीमेन्सच्या मशीनवर एमपीरेज नावाने मिळतो, जीईवर ब्राव्हो, फिलिप्सवर थ्रीडी टीएफई. नावं सोडा. त्यात टीआर नावाचा एक आकडा असतो. सीमेन्सवर टीआर २३०० मिलिसेकंद दिसतो, तर दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर जवळपास तसाच स्कॅन असताना टीआर ७ मिलिसेकंद. सीमेन्स कणांना उलटं करणाऱ्या एका पल्सपासून पुढच्या तशाच पल्सपर्यंतचा सगळा वेळ मोजतो, बाकीचे आतल्या दोन बारीक ठोक्यांमधला. अभ्यासाच्या पहिल्या बैठकीत यावर अर्धा तास गोंधळ चालला होता. मला नंदुरबारचा बाजार आठवला. तिथे गुजरातचा व्यापारी मण म्हणतो तेव्हा त्याच्या मनात वीस किलो असतात, आणि आपल्याकडचा जुना माणूस मण म्हणतो तेव्हा चाळीस शेर. दोघं प्रामाणिक आहेत. सौदा करायच्या आधी "कुठला मण?" हे विचारून घ्यावं लागतं. त्या बैठकीत आम्ही प्रत्येक आकड्याला हा प्रश्न विचारत बसलो, दोन दिवस.

एवढं केलं तरी कागद जुळतो, चित्रं जुळतात असं नाही. म्हणून माणसं फिरवावी लागतात. तीच माणसं थोड्या दिवसांच्या अंतराने सगळ्या मशीनांवर झोपवायची आणि त्यांची मापं किती हलतात ते बघायचं. इंग्रजीत अशांना फिरती डोकी म्हणतात, आणि आमच्या अभ्यासातलं एक फिरतं डोकं माझं होतं. महाराष्ट्र एक्सप्रेसने जळगावहून पुण्याला, तिथून पुढे, पाच शहरं, सतरा दिवस. प्रत्येक ठिकाणी तोच पाऊण तास, तोच खडखडाट. आडवी झाले की माझा हात आपोआप कॉइलवरच्या, म्हणजे डोक्याभोवती बसवतात त्या पिंजऱ्यावरच्या, खुणेकडे जायचा, भुवयांच्या मधली रेघ बरोबर खाली आली का ते बघायला. दोन ठिकाणी नव्हती. मी सांगितलं, त्यांनी सरकवलं. अशी सरकवासरकव कोणत्याही पेपरात लिहिलेली नसते.

हे काम मोठ्या प्रमाणावर आधी कुठे झालं, तर अमेरिका-कॅनडात. अल्झायमरवरचा अॅडनी हा अभ्यास २००४ ला सुरू झाला, पन्नासहून जास्त ठिकाणी, आणि फँटम व ठरलेल्या प्रोटोकॉलची शिस्त आम्ही सगळे त्यांच्याकडूनच शिकलो. पण मला जास्त जवळचं वाटतं ते ब्रिटनमधलं ७ टेस्लाचं काम. केंब्रिज, कार्डिफ, ग्लासगो, नॉटिंगहॅम, ऑक्सफर्ड अशा पाच जागा, दोन कंपन्या, तीन प्रकारची मशीनं. २०२० मध्ये त्यांनी सगळं छापलं, कोणता बदल कुठे करावा लागला ते बारकाव्यासकट, आणि एकाच माणसाचे सगळ्या मशीनांवरचे स्कॅन सगळ्यांसाठी खुले ठेवले. मी ते जळगावात, माझ्या घरच्या लॅपटॉपवर उघडून बघितले. एक माणूस, पाच गावं, आणि मेंदूची तीच वळी पाचही चित्रांत.

७ टेस्लावर हे जमवणं फार अवघड. हायड्रोजनचा कण १ टेस्लाच्या चुंबकात सेकंदाला सुमारे ४.२६ कोटी वेळा घुमतो, ३ टेस्लात १२.८ कोटी, ७ टेस्लात जवळजवळ ३० कोटी. त्याला हलवायला त्याच वेगाची रेडिओलहर सोडावी लागते. वेग वाढला की लहर आखूड होते. ३ टेस्लाला मेंदूच्या आत ती साधारण २६ सेंटिमीटरची असते, माणसाच्या डोक्यापेक्षा लांब. ७ टेस्लाला १२-१३ सेंटिमीटर, म्हणजे डोक्यापेक्षा आखूड. मग लहरी डोक्याच्या आतच एकमेकींवर आदळतात. चौकोनी हौदात दोन बाजूंनी पाणी हलवलं की काही ठिकाणी पाणी उसळतं आणि काही ठिकाणी निपचित राहतं, तसं. मेंदूचा मधला भाग लख्ख उजळतो आणि कानांजवळचा, मानेजवळचा भाग काळवंडतो. कानांजवळच तर तो हिप्पोकॅम्पस. त्यावर उपाय म्हणून कॅल्शियम टायटॅनेटच्या दाट लगद्याच्या पिशव्या डोक्याशेजारी ठेवतात. पिशवी कुठे, किती जाड, हेही मग सगळ्या जागी सारखं ठेवावं लागतं. आमच्याकडे ३ टेस्लावर यातला थोडाच त्रास आहे, पण आहे.

आमचा मोठा त्रास वेगळा. ऊन.

पहिल्या वर्षी मे महिन्यात डिफ्यूजनचा फँटम दुसऱ्या शहरातून गाडीने आमच्याकडे आला. डिफ्यूजन स्कॅन म्हणजे पाण्याचे कण किती मोकळेपणी हालतात त्याचं माप. मेंदूतल्या तंतूंच्या वाटा त्यावरून कळतात. फँटम म्हणजे साध्या पाण्याच्या बाटल्या. साध्या पाण्याचा आकडा पुस्तकात आहे, २० अंशाला २.०, चौरस मिलिमीटर प्रति सेकंदाच्या हजारांशात. आमचा आला २.९. सगळे मशीनकडे बघायला लागले. ग्रेडियंट बिघडले, सर्व्हिसिंगचा दोष, फोनाफोनी. दीड तासाने आमच्या आयाबाई बाटल्या उचलून ठेवायला गेल्या आणि म्हणाल्या, "ताई, हे तर न्हाणीच्या पाण्यासारखं कोमट आहे." गाडी चार तास भुसावळकडच्या रस्त्याने उन्हात आली होती. ३७ अंशाला पाण्याचा आकडा ३.० असतो. मशीन बरोबर होतं. खोलीत २१ अंश होते म्हणून आम्ही धरून चाललो होतो की बाटलीतही २१ असतील.

दर अंशाला दोन टक्क्यांहून जास्त फरक. पाच शहरांत पाच प्रकारची हवा. आणि त्यावरचा उपाय मला फार आवडतो, कारण तो इतका साधा आहे. बाटली वितळत्या बर्फात ठेवायची. बर्फ आणि पाणी एकत्र आहे तोवर तापमान शून्यच राहणार, बाहेर जळगावचा मे असो नाहीतर ग्लासगोचा जानेवारी. शून्य अंशाला पाण्याचा आकडा १.१. तो जगभर १.१. आता उन्हाळ्यात आमच्या सेंटरमधला मुलगा पहाटे बर्फाच्या कारखान्यातून अर्धी लादी आणतो. स्कॅनच्या खोलीबाहेर गोणपाटात गुंडाळून लाकडी ठोकळ्याने फोडतो, लोखंड आत न्यायचंच नाही म्हणून सवयच लाकडाची. थर्माकोलच्या खोक्यात बारीक बर्फ, वरून गार पाणी, मधे बाटली, आणि एक तास वाट. ज्या दिवशी पहिल्यांदा पडद्यावर १.१ आला त्या दिवशी मी त्या पडद्याचा फोटो काढून ठेवला. अजून फोनमध्ये आहे.

पण डबा आणि बाटली शहाणी असतात, माणूस तसा नसतो. मेंदूचं माप सकाळपेक्षा संध्याकाळी किंचित कमी भरतं, आणि शरीरात पाणी कमी असेल तरी कमी भरतं. आमच्याकडे येणारी माणसं पहाटे पॅसेंजर पकडून येतात, तपासणी आहे म्हणून काही खात नाहीत, बाथरूमची अडचण नको म्हणून पाणीही पीत नाहीत. उन्हाळ्यात तर ओठ सुकलेले असतात. आता पत्रातच लिहितो, पाणी पिऊन या. आल्यावर माठातलं दोन पेले पाणी, अर्धा तास बाकावर, मग आत. दर वर्षी त्याच वेळेला. काजळ पुसून यायला सांगतो, त्यात लोखंडाचा अंश असला तर डोळ्यांजवळचं चित्र फाटतं. जोडवी, नथ, मंगळसूत्र सुनेच्या हातात. मंगळसूत्र काढायला पुष्कळ जणी कचरतात. त्यासाठी मी पाच मिनिटं जास्त धरते, घाई करत नाही.

आणि बोलणं. स्कॅन सुरू होण्याआधी सूचना द्यायचा मजकूर पाचही ठिकाणी एकच असावा असं ठरलं, प्रमाण मराठीत. मी तो वाचून दाखवला तर अमळनेरकडची एक आजी हो हो म्हणाली आणि दुसऱ्या मिनिटाला खोकल्यासारखी मान उचलली. मग मी माइकवर म्हटलं, "माय, डोकं हालाडू नको, थोडंसंच राहिनं." ती शेवटपर्यंत दगडासारखी पडून राहिली. बैठकीत मी हे मांडलं. मजकुराचा अर्थ एक ठेवा, शब्द गावाचे असू द्या. मान्य झालं. आवाजाने मान हलली तर चित्रात सालं पडतात आणि सॉफ्टवेअर त्या सालांना पातळ झालेला मेंदू समजतं. अहिराणी इथे मापाचाच भाग आहे.

सगळं करून जे उरतं त्याला गणित लावतात. कॉम्बॅट नावाची पद्धत आहे, मूळची जनुकांच्या प्रयोगांसाठी २००७ मध्ये काढलेली, नंतर मेंदूच्या स्कॅनना लावली. प्रत्येक मशीन किती जड दाखवतं, किती हलकं, त्याचे आकडे किती पसरतात, हे ओळखून ती तेवढं वजा करते. पासंगच. पण नाना पासंग रिकाम्या काट्याला बांधायचे, माल चढवल्यावर नाही. एका सेंटरवर सगळे ऐंशीचे आणि दुसऱ्यावर सगळे साठीचे असतील, तर वयामुळे पडलेला खरा फरक कोणता आणि मशीनचा कोणता हे गणिताला सोडवता येत नाही. म्हणून आम्ही आधी काटा सरळ करण्यावर जीव काढतो.

कोणी विचारतं, जळगावात कशाला हे? पुण्या-मुंबईची मोठी सेंटरं आहेत. मेंदूचा जो नकाशा जगभर वापरतात तो माँट्रियलच्या १५२ माणसांच्या स्कॅनवरून बनलेला आहे. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९ मध्ये शंभर भारतीयांचा नकाशा केला, तेव्हा आपल्या मेंदूची सरासरी मापं त्याहून लहान निघाली. कोलार जिल्ह्यात, श्रीनिवासपूरच्या खेड्यांत बेंगळुरूचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च वयस्कर गावकऱ्यांचा वर्षानुवर्षांचा अभ्यास करतंय. उन्हात कापूस वेचलेल्या, शाळेत न गेलेल्या, अहिराणी बोलणाऱ्या बाईचा मेंदू सत्तरीत कसा असतो, हे तिला मोजल्याशिवाय कसं कळणार? आणि तिला मोजायचं तर मशीन तिच्या गावाजवळचंच असलं पाहिजे, आणि ते खरं बोललं पाहिजे.

फुई अभ्यासात नाही, साधी पेशंट म्हणून येते. तिच्या डॉक्टरांना विचारून मी तिचा स्कॅन आमच्या मशीनवर करून घेतला, आणि वर्षाने, गेल्या महिन्यात, पुन्हा. तेच मशीन, तीच कॉइल, सकाळी सात, दोन पेले पाणी. सोमवार होता, तिच्या आधी डबा झोपला होता, १९० आला. टेबलावर ती म्हणाली, "माले थंडी वाजस." मी चादर दोनदा गुंडाळली. आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावले, मापं काढली. घट आहे. तिच्या वयाला जेवढी धरतात तिच्या आसपास आहे. आजाराचं काय ते डॉक्टर स्मरणाच्या चाचण्या घेऊन ठरवतील, ते काम एकट्या चित्राचं नाही.

संध्याकाळी घरी ओट्यावर बसून मी रिपोर्ट वाचून दाखवला, सावकाश, एक एक ओळ. फुईने सगळं ऐकून घेतलं, पदराचं टोक बोटाला गुंडाळत. मग वहिनीकडे बघून म्हणाली, "मंग मन्या किल्ल्या?"

वहिनीचा हात कमरेकडे गेला आणि तिथेच थांबला. ती माझ्याकडे बघत राहिली.